पावती १९५८ चीच हवी

घरात जुन्या कागदांची पत्र्याची पेटी असेल तर एकदा उघडून बघा. शेतसाऱ्याच्या पावत्या, पिवळा पडलेला सातबारा, सोसायटीचं पासबुक, वाळवीने कडा खाल्लेलं खरेदीखत. आता समजा, सरकारी माणूस दारात आला आणि म्हणाला, १९५८ सालची पावती दाखवा. तुम्ही १९५७ ची काढलीत. चालणार नाही म्हणाला. १९५९ ची काढलीत. तीही नाही चालणार. नेमकी ५८ ची दाखवा, नाहीतर तुम्ही या देशाचे नाही.

१९८८ मध्ये दक्षिण भूतानमध्ये साधारण हेच झालं. तिथून बाहेर पडलेल्या लोकांच्या ज्या हकिगती मानवाधिकार संघटनांनी लिहून घेतल्या, त्यांत ही ५८ ची पावती पुन्हा पुन्हा येते. आपल्याला भूतान माहीत आहे ते मे महिन्याच्या सुट्टीतल्या सहलीमुळे, पारोच्या विमानतळामुळे आणि त्या 'सकल राष्ट्रीय आनंद'मुळे. त्याच देशातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली.

या गोष्टीत कायद्याचे दोन विषय एकमेकांत अडकलेले आहेत: अल्पसंख्याकांचं नागरिकत्व आणि प्रत्यर्पण, म्हणजे आरोपी माणूस एका देशाने दुसऱ्याच्या स्वाधीन करणं. पेपरात ते वेगवेगळ्या पानांवर येतात. प्रत्यर्पण म्हटलं की आपल्याला बँकेची कर्जं बुडवून लंडनला जाऊन बसलेले शेठ आठवतात. नागरिकत्व म्हटलं की रांगा आणि कागद. पण दोन्हींच्या बुडाशी प्रश्न एकच असतो: हा माणूस कोणाचा? आणि सरकारं या प्रश्नाचं उत्तर सोयीप्रमाणे कसं बदलतात, हे बघायला भूतानइतकं उघडं उदाहरण शोधून सापडणार नाही.

ल्होत्शाम्पा म्हणजे कोण

भूतानचा उत्तर आणि पश्चिम भाग उंच डोंगरांचा. तिथे झोंगखा बोलणारे बौद्ध लोक राहतात. राजघराणं त्यांचंच. पूर्वेकडचे शारचोप, तेही बौद्ध, पण भाषा वेगळी. दक्षिणेला, आसाम आणि बंगालकडच्या पायथ्याच्या पट्ट्यात सामत्से, त्सिरांग, सारपांग असे जिल्हे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आणि विसाव्याच्या सुरुवातीला नेपाळकडून शेतकरी येऊन इथे वसले. त्यांनी जंगल तोडलं, संत्र्याच्या बागा आणि वेलदोड्याचे मळे उभे केले. ते नेपाळी बोलतात आणि बहुतेक हिंदू आहेत. झोंगखात त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे लोक.

१९५८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने त्यांना रीतसर भूतानी केलं. ज्याची शेतजमीन आहे आणि जो दहा वर्षांहून अधिक काळ राहतो आहे, त्याला नागरिकत्व मिळू शकत होतं. पुढची वीसेक वर्षं बरी गेली. पोरं शिकली, सरकारी नोकऱ्यांत गेली, काही जण वरच्या पदांवर पोचले.

मग वारं फिरलं. १९७५ मध्ये शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं. तिथे नेपाळी भाषकांची संख्या मूळच्या लोकांपेक्षा जास्त झाली होती. १९८६ पासून दार्जिलिंगमध्ये गोरखालँडचं आंदोलन पेटलं. भूतानच्या राजधानीला, थिंपूला वाटलं, उद्या आपलंही हेच होणार. ही भीती अगदीच हवेतली होती असं मी म्हणणार नाही. भारत आणि चीनच्या मधे बसलेल्या चिमुकल्या देशाला असली स्वप्नं पडणारच. सीमा मोकळी होती आणि नंतर आलेले काही लोकही त्या पट्ट्यात होते. पण भीती खरी असली तरी तिच्यावरचा इलाज कोणावर चालवला, ते बघायला हवं.

१९७७ च्या कायद्याने अटी कडक केल्या. १९८५ च्या कायद्याने दार जवळपास लावूनच घेतलं. जन्माने नागरिक व्हायचं तर आई आणि वडील दोघंही भूतानी हवेत. नोंदणीने व्हायचं तर ३१ डिसेंबर १९५८ ला किंवा त्याआधी तुम्ही देशात स्थायिक असायला हवं आणि गृहखात्याच्या जनगणना नोंदवहीत नाव हवं. अर्ज करून व्हायचं तर पंधरा ते वीस वर्षांचा रहिवास, झोंगखा लिहिता-वाचता-बोलता येणं, आणि राजा, देश व जनतेविरुद्ध कधी काही बोलल्याची वा केल्याची नोंद नसणं. शेवटची अट पुन्हा वाचा. तिथे गुन्हा केल्याची नोंद अशी भाषा नाही. बोलल्याची नोंदही पुरते.

एकाच घरात सात जाती

१९८८ ची जनगणना दक्षिणेत झाली आणि तिने माणसांना एफ-१ ते एफ-७ असे शिक्के मारले. एफ-१ म्हणजे अस्सल भूतानी. एफ-२ परत आलेले. एफ-३ म्हणजे मोजणीच्या वेळी हजर नसल्याने गळलेले. एफ-४ भूतानी पुरुषाची परदेशी बायको, एफ-५ भूतानी बाईचा परदेशी नवरा, एफ-६ दत्तक घेतलेले, आणि एफ-७ थेट परके.

याचा परिणाम घराघरांत कसा झाला असेल, ते आपल्या अंगणात आणून बघा. सीमेवरच्या गावांत सोयरिकी पलीकडे होतातच. आमच्याकडे चंदगडची मुलगी बेळगावला देतात, सावंतवाडीची गोव्यात. तिथे सासर त्सिरांगचं आणि माहेर जलपायगुडीचं, हे अगदी नेहमीचं. आता नवरा एफ-१, बायको एफ-४, आणि आई-वडील दोघंही भूतानी हवेत हा ८५ चा नियम, म्हणून लेकरं अधांतरी. पावतीचा प्रश्न त्याच्यावर आणखी. अडाणी शेतकऱ्याने तीस वर्षांपूर्वीची नेमकी एका वर्षाची पावती जपून ठेवली असेल, ही अपेक्षा करणाऱ्याने शेतकऱ्याचं घर पाहिलेलं नसावं.

१९८९ च्या जानेवारीत राजाज्ञा निघाली की ड्रिगलाम नामझा, म्हणजे उत्तरेकडची पोशाखाची आणि वागण्याची रीत, सगळ्यांनी पाळायची. दक्षिणेच्या दमट उन्हात पुरुषांनी जाड घो आणि बायकांनी किरा नेसायचा. त्याच वर्षी शाळांमधून नेपाळी विषय काढून टाकला. १९९० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिणेत मोठे मोर्चे निघाले. काही ठिकाणी जाळपोळ आणि हिंसाही झाली. मग सैन्य उतरलं, अटका झाल्या, शाळा-दवाखाने बंद झाले. अनेकांकडून 'मी स्वखुशीने देश सोडून जातो आहे' अशा मजकुराच्या फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या. हा फॉर्म लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

भूतान आणि नेपाळ यांची सीमा एकमेकांना कुठेच लागत नाही. मधे आपलं पश्चिम बंगाल आहे. बाहेर पडलेली माणसं भारतात आली, आणि ट्रकमधून मेची नदीपलीकडे नेपाळच्या झापा जिल्ह्यात पोचती झाली. पहिली वस्ती माई नदीच्या वाळवंटात, माइधरला. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने झापा आणि मोरंगमध्ये सात छावण्या उभ्या केल्या: बेलडांगीच्या तीन, शिवाय गोलधाप, तिमाई, खुदुनाबारी आणि शनिश्चरे. भारत सरकारचं म्हणणं ठरलेलं: हा भूतान आणि नेपाळमधला प्रश्न आहे. म्हणजे येताना वाट आमच्याच अंगणातून, पण भांडण शेजाऱ्यांचं. १९९६ मध्ये हेच लोक पायी परत निघाले तेव्हा मात्र त्यांना बंगालच्या पोलिसांनी अडवून अटक केली.

दोन माणसं, दोन रस्ते

आता प्रत्यर्पणाकडे येऊ.

टेकनाथ रिजाल हे राजाच्या सल्लागार मंडळात दक्षिणेचे प्रतिनिधी होते. जनगणनेत लोकांना त्रास होतो आहे असा अर्ज त्यांनी १९८८ मध्ये राजाकडेच दिला. त्यांना पकडलं, सोडलं, आणि मग ते देश सोडून नेपाळला आले. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये नेपाळच्या पोलिसांनी त्यांना पूर्व नेपाळात उचललं आणि भूतानच्या हवाली केलं. कोर्ट नाही, सुनावणी नाही, वकील नाही. नेपाळमध्ये तेव्हा 'पंचायत' राजवट होती, म्हणजे सत्ता राजाच्या हाती आणि पक्षांवर बंदी. काही महिन्यांनी जनआंदोलनाने ती गेली, पण रिजाल तोवर भूतानच्या कोठडीत पोचले होते. भूतानने राष्ट्रीय सुरक्षा कायदा केला १९९२ मध्ये. रिजाल यांच्यावर, म्हणजे ८९ पासून आत असलेल्या माणसावर, त्याचीही कलमं लावून १९९३ मध्ये जन्मठेप झाली. १७ डिसेंबर १९९९ रोजी, भूतानच्या राष्ट्रीय दिनी, ते सुटले.

दुसरे रोंगथोंग कुनले दोरजी. हे ल्होत्शाम्पा नव्हेत, पूर्वेकडचे शारचोप व्यापारी. दक्षिणेच्या चळवळीला मदत केल्याच्या संशयावरून १९९१ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर ते देशाबाहेर पडले आणि १९९४ मध्ये त्यांनी काठमांडूत ड्रुक नॅशनल काँग्रेस हा पक्ष काढला. मागणी होती लोकशाहीची. १९९६ च्या डिसेंबरात भारत आणि भूतानने प्रत्यर्पणाचा करार केला. आरोपी स्वाधीन करण्याचं कलम १९४९ च्या मैत्री करारातही होतंच, पण हा नवा, स्वतंत्र करार. त्यावरची शाई वाळते न वाळते तोच, १९९७ च्या एप्रिलमध्ये, दोरजी दिल्लीत पकडले गेले आणि तिहारमध्ये गेले. भूतानने त्यांना परत मागितलं होतं.

इथे फरक पडला तो रस्त्याचा. रिजाल यांना मागच्या दाराने पाठवलं गेलं, दोरजींच्या वाट्याला पुढचं दार आलं. हे पुढचं दार कसं असतं, ते जरा सावकाश पाहू.

भारतात १९६२ चा प्रत्यर्पण कायदा आहे. परदेशी सरकार आपल्या परराष्ट्र खात्याकडे मागणी पाठवतं. पोलिसांकडे नाही, कोर्टाकडेही नाही. केंद्र सरकारला मागणीत तथ्य वाटलं तर ते दंडाधिकाऱ्याला चौकशी करायला सांगतं. दंडाधिकारी त्या माणसाने गुन्हा केला की नाही हे ठरवत नाही. तो बघतो की सकृद्दर्शनी खटला उभा राहतो का, आणि तो गुन्हा प्रत्यर्पणाला लायक आहे का. करार असेल तर करारातल्या व्याख्येप्रमाणे, आणि बहुतेक करारांत मोजपट्टी अशी की दोन्हीकडच्या कायद्यात त्या कृत्याला किमान एक वर्षाची शिक्षा असायला हवी. दंडाधिकाऱ्याला पुरावा कच्चा वाटला तर माणूस सुटला. पक्का वाटला तर अहवाल पुन्हा केंद्राकडे, आणि शेवटचा शब्द सरकारचा. कोर्टाने 'पाठवायला हरकत नाही' म्हटलं तरी सरकार 'नाही पाठवत' म्हणू शकतं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम ३१. गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल, किंवा मागणी वरवर चोरीसाठी आणि आतून राजकीय सूड उगवायला असेल, तर माणूस देता येत नाही. १९९३ च्या दुरुस्तीने याला एक मर्यादा घातली: खून, विमान अपहरण, ओलीस ठेवणं वगैरे गुन्हे 'आम्ही राजकारणासाठी केले' म्हणून माफ होत नाहीत. याच कलमात आणखी एक हमी आहे. ज्या गुन्ह्यासाठी मागितला, त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवायचा. कर्जबुडवेगिरीसाठी न्यायचं आणि तिकडे राजद्रोह लावायचा, हे चालत नाही. शिवाय कलम २९ म्हणतं की मागणी प्रामाणिक नाही किंवा राजकीय हेतूने आहे असं सरकारला वाटलं तर ते कुठल्याही टप्प्यावर माणसाला सोडू शकतं.

दोरजींच्या बाबतीत हीच यंत्रणा फिरली, पण आपल्या नेहमीच्या वेगाने. १९९८ च्या जूनमध्ये जामीन मिळाला, पण दिल्ली सोडायची नाही आणि पोलिसांकडे हजेरी लावायची या अटींवर. मग तारखांमागून तारखा. कोर्टाने त्यांना मोकळं केलं ते २०१० मध्ये, म्हणजे अटकेनंतर तेरा वर्षांनी. २०११ मध्ये सिक्कीममध्ये त्यांचं निधन झालं. मधल्या काळात, २००८ मध्ये, भूतानच्या राजाने स्वतःच निवडणुका घेतल्या आणि पक्ष कायदेशीर झाले. ज्या मागणीपायी दोरजी परागंदा झाले, ती तोवर राजमान्य झाली होती. खटला तरीही चालूच होता.

पुढचं दार संथ आहे आणि मागचं झटपट. त्यामुळे सरकारांना मागचं आवडतं, यात नवल नाही. त्याला कायद्याचा आधारही सापडतो. परक्या माणसाला 'तू आमच्या देशात राहू नकोस' म्हणून बाहेर काढणं म्हणजे हद्दपारी, आणि ती प्रत्यर्पणाहून वेगळी. हान्स म्युलर नावाच्या जर्मन माणसाच्या खटल्यात १९५५ मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक सांगितला आणि परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळपास अनिर्बंध मानला. छळ होईल अशा ठिकाणी निर्वासिताला परत ढकलू नये, हा नियम १९५१ च्या निर्वासित करारात आहे. पण भारत, नेपाळ आणि भूतान, तिघांनीही त्या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे थोडाफार आडोसा आहे तो राज्यघटनेच्या कलम २१ चा, कारण ते 'नागरिक' न म्हणता 'व्यक्ती' म्हणतं. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं.

मागच्या दाराने दिलेला माणूस परत मागता येतो का? याचं एक जुनं उत्तर मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे, फक्त ते प्रत्यर्पणाच्या कायद्यात मोडतं हे आपण विसरतो. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेलच्या बंदरात मोरिया बोटीतून उडी घेतली. फ्रेंच भूमीवर पाय लागल्यावर तिथल्या पोलिसाने त्यांना पकडून सरळ ब्रिटिशांच्या हाती दिलं. फ्रान्सने नंतर त्यांना परत मागितलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल लागला: देण्यात अनियमितता झाली हे खरं, पण म्हणून परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. म्हणजे घाईने दिलेला माणूस गेला तो गेलाच. आजही कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल शिकवतात. रिजाल यांच्यासाठी तर कोणी लवादाकडेही गेलं नाही.

गुन्हेगार तेवढा आपला

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो खुदुनाबारीचा निकाल. नेपाळ आणि भूतानच्या मंत्र्यांच्या वाटाघाटी १९९३ पासून चालल्या होत्या. निर्वासितांचे चार वर्ग ठरले. २००१ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त पथकाने एका छावणीची तपासणी केली आणि २००३ च्या जूनमध्ये निकाल लावला. माणसं एकूण १२,१८३. पहिला वर्ग, जबरदस्तीने हाकललेले खरे भूतानी: २९३. दुसरा, स्वखुशीने गेलेले भूतानी: ८,५९५. तिसरा, भूतानी नसलेले: २,९४८. चौथा, गुन्हे केलेले भूतानी: ३४७.

दुसरा वर्ग कुठून आला, ते कळलंच असेल. तो सह्यांचा फॉर्म. देश सोडला म्हणजे नागरिकत्व गेलं, आता हवं तर नव्याने अर्ज करा, झोंगखा शिका, परीक्षा द्या, परीक्षाकाळ काढा.

आणि चौथा वर्ग नीट बघा. खटला चालवायचा तर माणूस आपल्या कायद्याखाली यायला हवा, म्हणून त्याला भूतानी ठरवणं भाग पडलं. आयुष्यभर शेत कसलेल्या म्हाताऱ्याला भूतानीपण सिद्ध करता आलं नाही, ज्याच्यावर आरोप होता त्याला ते न मागता मिळालं. आरोप एकावर असला तरी मोजणी कुटुंबांची होती, त्यामुळे त्या ३४७ मध्ये पोरंबाळंही आली. शारचोप दोरजींनाही भूतानने कधी 'हा आमचा नाही' म्हटलं नाही. उलट करार दाखवून मागितलं. ज्याला शिक्षा द्यायची आहे तो आपला, ज्याला जमीन द्यावी लागेल तो परका.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात भूतानचे अधिकारी छावणीत परतीच्या अटी समजावायला गेले, लोक चिडले, दगडफेक झाली आणि पथक माघारी गेलं ते कायमचं. पहिल्या वर्गातले २९३ सुद्धा परतले नाहीत. २००८ च्या राज्यघटनेच्या कलम ६ मध्ये ३१ डिसेंबर १९५८ ही तारीख जशीच्या तशी जाऊन बसली.

शेवटी २००७-०८ पासून आठ देशांनी या लोकांना घ्यायला सुरुवात केली: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स, ब्रिटन. एक लाख दहा हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक अमेरिकेत. छावण्या सातावरून दोनवर आल्या. काही हजार लोक अजून तिथे आहेत; काहींना जायचं नव्हतं, काहींची नावं यादीत बसली नाहीत.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण अमेरिकेत ज्यांनी नागरिकत्व घेतलं नव्हतं आणि ज्यांच्यावर तिथे गुन्हे नोंदले गेले, अशांना २०२५ च्या मार्चपासून अमेरिकेने हद्दपार करायला सुरुवात केली. विमान गेलं भूतानला. ज्या देशाने पस्तीस वर्षांत एकालाही परत घेतलं नव्हतं, त्याने त्यांना उतरवून घेतलं आणि लगेच भारताच्या सीमेवर आणून सोडलं. तिथून काही जण बंगाल ओलांडून नेपाळमध्ये शिरले, कारण ओळखीची जागा तेवढी एकच होती. नेपाळ पोलिसांनी बेकायदा प्रवेशाबद्दल त्यांना पकडलं. त्यांच्यापैकी एकाचे वडील अजून बेलडांगीच्या छावणीतच राहतात. त्यांनी काठमांडूला सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडीतल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा अर्ज केला. न्यायालयाने एप्रिलमध्ये सांगितलं, यांना देशाबाहेर काढू नका, तूर्त छावणीत ठेवा.